काव, गेरू, हुरमुंजी: एकच तांबडी माती की तीन?

खाडीकाठ

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका देवस्थानाची जुनी खर्चाची वही मोडीतून बाळबोधीत उतरवून घेतली आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या नक्षीच्या कामाखाली असा खर्च लिहिला आहे: काव ४ शेर, हुरमुंजी १ शेर, सोनकाव पावशेर, शिवाय कळीचा चुना आणि गूळ. नक्षी म्हणजे पांढऱ्यावर तांबडी वेलबुट्टी, रंगाने काढलेली नव्हे, खरवडून काढलेली. तिचा खालचा कोपरा सुटला आहे आणि तो दुरुस्त करायचा आहे.

प्रश्न असे:

काव, गेरू, हुरमुंजी, सोनकाव ही एकाच मातीची नावं आहेत की वेगवेगळ्या जिनसा? 'काव' शब्द आला कुठून? इथे एकाने संन्याशाच्या 'काषाय' वस्त्रावरून सांगितला, दुसऱ्याने कावीळशी नातं जोडलं. बाजारात तिन्ही नावं घेतली की दुकानदार एकच पुडा पुढे करतो, मग नेमकं काय मागायचं? आणि चार शेर काव म्हणजे किती?

शब्दवेल्हाळ

आधी शब्दाचं बघू, मातीचं जाणकार सांगतीलच.

काषायवरून काव निघत नाही. संस्कृत 'ष'चा प्राकृतात 'स' होतो, त्यामुळे काषायचं कासाय झालं. पालीत 'कासाव' असंही रूप आहे. त्यातला शेवटचा 'व' बघून कुणीतरी ही जोडी जुळवली असावी, पण मधला 'स' गेला कुठे याचं उत्तर त्यात मिळत नाही. शिवाय काषायचं मूळ कषाय, म्हणजे तुरट काढा. ते साल-मुळांच्या काढ्यात रंगवलेल्या कापडाचं नाव आहे, मातीचं नव्हे.

कावीळचं तर मुळीच नातं नाही. ती 'कामला' या रोगाच्या नावावरून आली. दोन स्वरांमधल्या 'म'चा 'व' होणं हे मराठीत पावलोपावली दिसतं: ग्राम-गाव, नाम-नाव, कोमल-कोवळा, श्यामल-सावळा. त्याच वाटेने कामला-कावीळ. कावीळ पिवळी, काव तांबडी, एवढ्यावरून तरी शंका यायला हवी होती. खांद्यावरची कावड आणि गनिमी कावा यांनाही या भांडणात ओढू नये.

मग काव आली कुठून? दक्षिणेकडे बघा. कन्नडमध्ये कावि, तुळूत कावि, मल्याळम आणि तमिळमध्येही कावि, आणि सगळीकडे अर्थ हाच: तांबडी माती, तिचा रंग. तमिळमध्ये तर संन्याशाच्या भगव्या वस्त्रालाही कावीच म्हणतात. म्हणजे काषायवाल्याला अर्थाचा वास बरोबर लागला होता, घर चुकलं. द्राविडी भाषांत शब्द इतका रुजलेला असताना आणि संस्कृतात त्याचं पटेल असं मूळ नसताना तो दक्षिणेकडून आला असं मानणंच सरळ आहे. 'कावि'ची 'काव' होणंही मराठीच्या वळणाला धरून आहे. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार आपल्याकडे गळतो आणि लिंग मात्र मागे राहतं: रात्रि, राति, रात. म्हणून 'काव लावली' म्हणतात, 'लावला' नव्हे. मोल्सवर्थच्या कोशातही ती स्त्रीलिंगीच आहे. गेरू मात्र पुल्लिंगी.

गेरूची वंशावळ सरळ आहे. गिरि, त्यावरून गैरिक म्हणजे डोंगरातलं, प्राकृतात गेरिअ आणि गेरुअ, मग गेरू. अमरकोशात 'धातु' म्हणजे मनशिळेसारखी डोंगरातली खनिजं, आणि त्यांतही विशेषेकरून गैरिक, असं सांगितलं आहे. मेघदूतातला यक्ष रुसलेल्या प्रियेचं चित्र शिळेवर काढतो ते 'धातुरागां'नी. तिथे सोनं-तांबं शोधत बसू नये, हाच तांबडा दगड. हिंदीत गव्हावरच्या रोगालाही गेरुई म्हणतात, आपण त्याला तांबेरा म्हणतो.

हुरमुंजी हे बंदराचं नाव आहे. इराणच्या आखाताच्या तोंडाशी हुर्मुज बेट आहे आणि तिथली जमीनच तांबडीलाल आहे. ती माती गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर यायची, म्हणून हुरमुंजी, हिरमुजी, हिरमंजी. जशी जीभ तसा उच्चार. हे बेट १५१५ ते १६२२ पोर्तुगिजांकडे होतं आणि गोवा त्यांच्याकडे होताच, तेव्हा या वाटेवर किती वर्दळ असेल याचा अंदाज येतो. माल जिथून चढला त्या बंदराचं नाव मातीला पडायचं हे आपल्याकडेच झालं असंही नाही. काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरातून कप्पाडोकियाची तांबडी माती जायची, तिला ग्रीक-रोमन लोक सिनोपचीच म्हणत. इटलीत भित्तिचित्राखालच्या तांबड्या कच्च्या रेखाटनाला आजही 'सिनोपिया' म्हणतात. सिनोपला ती माती निघत नव्हती, नुसती गलबतात भरली जायची.

थोडक्यात, एक शब्द दक्षिणेकडून किनाऱ्याने आला, एक घाटावरून उतरला आणि एक समुद्रातून. सोनकाव म्हणजे नुसती 'चांगली काव'. 'सोन' हा मान आहे, सोन्याचा त्यात अंश नाही.

काळीनदी

कारवारच्या बाजूचं एक जोडतो. कुमठा, अंकोला, होन्नावर भागातल्या देवळांवर आणि जुन्या घरांवर हेच काम आहे, त्याला कावी म्हणतात. त्यात घालायच्या तांबड्या मातीला तिथले जुने कारागीर 'उरमुंजी' म्हणतात, आणि ती इथल्याच जांभ्याच्या वरच्या थरातून काढतात. म्हणजे माती स्थानिक आणि नाव हुर्मुजचं. माल यायचा थांबला तरी नाव चिकटून राहिलं, असं मला वाटतं. तेव्हा तुमच्या वहीतली हुरमुंजी इराणची असेलच असं धरून चालू नका.

चिरेबंदी

आता माती.

तिन्हींचा रंग एकाच गोष्टीचा, लोहाच्या ऑक्साइडचा. तांबडं दिसतं ते हेमॅटाइट, पिवळं दिसतं ते गोएथाइट म्हणजे पाणी बांधून बसलेलं लोह. बाकी सगळी चिकणमाती, बारीक रेती आणि जांभ्याची भुकटी. फरक आहे तो या मिश्रणाच्या प्रमाणाचा आणि कणाच्या बारीकपणाचा.

इथली काव म्हणजे जांभ्याच्या सड्यावर म्हणजे खडकाळ सपाटीवर, चिऱ्यांच्या खाणीत मध्ये मध्ये लागणारे मऊ तांबडे खिसे. रंग विटकरी, किंचित तपकिरी, कारण हेमॅटाइटबरोबर गोएथाइटही असतं. चिकणमाती भरपूर. गेरू म्हणून वाण्याकडे जे खडे मिळतात ते बहुतेक राजस्थान, मध्य प्रदेशाकडचे. ते जास्त एकसारखे असतात आणि हाताला लगेच लागतात. हुरमुंजी म्हणजे गडद, जांभळटाकडे झुकणारी आणि हाताला जड, कारण तिच्यात लोह जास्त. आज हुरमुंजी किंवा 'रेड ऑक्साइड' म्हणून पुड्यात मिळतं ते कारखान्यात बनवलेलं आयर्न ऑक्साइड. लाल कोब्याच्या जमिनीत जातं तेच. ते वाईट नाही, पण कण फार बारीक आणि रंग फार तेज. काव ज्या मापाने घालायची त्या मापाने ते घातलं तर भिंत यकृतासारखी काळपट होते.

तुमच्या खर्चाचा अर्थ मी असा लावतो: चार शेर काव हे अंग, एक शेर हुरमुंजी रंग खोल करायला. इथली काव एकटी चुन्यात घातली की फिकी गुलाबी पडते, म्हणून हा जोड. सोनकाव पावशेरच आहे म्हणजे भिंतीच्या थरात नाही. त्या पानावर मागेपुढे काय लिहिलंय ते बघा.

शेराचं मात्र सांभाळा. मुंबई इलाख्याचा जुना मण २८ पौंडांचा आणि ४० शेरांचा, म्हणजे शेर सुमारे ३१८ ग्रॅम. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅम. पहिल्या हिशेबाने चार शेर म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, दुसऱ्याने पावणेचार किलो. त्याच वहीत गूळ किंवा तांदूळ वजनाने आणि दराने लिहिला असेल तर त्यावरून कुठला शेर ते ठरवता येईल. काही असलं तरी चार आणि एक हे प्रमाण बदलत नाही, आणि आपल्याला तेच हवं.

पुड्यावरच्या नावाकडे बघू नका. माल घरी आणून तपासा:

पाण्याची परीक्षा. काचेच्या ग्लासात एक चमचा टाका, ढवळा, ठेवून द्या. खरी माती खाली थरांनी बसते, आधी रेती, वर गाळ, आणि एक-दोन दिवसांत पाणी नितळ होतं. पाणी गुलाबी किंवा नारिंगीच राहिलं तर त्यात डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, आहे.

तव्याची परीक्षा. चिमूटभर कोरड्या तव्यावर तापवा. काव काळवंडते किंवा गडद होते, पण धूर येत नाही. डाय असेल तर वास आणि धूर येतो.

लिंबाची परीक्षा. रस टाकल्यावर फसफसलं तर वजन वाढवायला खडूची भुकटी घातलेली आहे. चुन्याच्या कामात तिने मोठं बिघडत नाही, पण पैसे मात्र तुम्ही खडूचे दिलेत.

चुन्याची परीक्षा ही खरी. मुरलेल्या चुन्यात रंग कालवून कौलाच्या तुकड्यावर थापा आणि सात दिवस सावलीत ठेवा. लोहाचं ऑक्साइड चुन्याच्या क्षाराला भीत नाही, म्हणून तर हा रंग शतकभर टिकतो. डाय मात्र आठवड्यात उडतो किंवा डागाळतो.

एक महत्त्वाचं. शेंदूर आणि हिंगूळ यांना 'लालच आहे' म्हणून जवळ करू नका. शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, दोन्ही विषारी. शेंदूर हातावर घेतला की वजनावरूनच कळतो, तेवढ्याच आकाराची कावेची पुडी त्याच्यापुढे हलकी वाटते. आणि शेंदूर उघड्या भिंतीवर हवेने काळा पडत जातो.

इथलीच काव काढायची असेल तर ती धुऊन घ्या. खडे फोडून चाळा, बादलीत चौपट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी जोरात ढवळा आणि एक मिनिट थांबा. तेवढ्यात रेती बसते. वरचं तांबडं पाणी दुसऱ्या बादलीत अलगद ओता आणि खाली राहिलेली रेती फेकून द्या. दुसऱ्या बादलीतला गाळ दिवसभर बसू द्या, वरचं नितळ पाणी काढून नवं गोडं पाणी घाला. असं किमान तीनदा. हे पाणी बदलणं रेतीसाठी नाही, मिठासाठी आहे. खाडीजवळच्या मातीत मीठ असतं, आणि ते राहिलं तर भिंत वाळल्यावर पांढरा बुरा फुटतो आणि वरचा थर उचलतो. शेवटचा गाळ फडक्यात गाळून सावलीत वाळवा. वजन सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी भरतं, त्याचा हिशेब आधीच धरा.

रसशाळा

सोनकावेबद्दल थोडं. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या खनिज औषधांच्या शास्त्रात, गैरिक (गेरू) हे उपरस नावाच्या गटातल्या आठ द्रव्यांपैकी एक: गंधक, गैरिक, कासीस, कांक्षी म्हणजे तुरटी, हरताळ, मनशीळ, अंजन, कंकुष्ठ. गैरिकाचे दोन प्रकार सांगतात. पाषाणगैरिक कठीण आणि तांबूस, स्वर्णगैरिक मऊ, गुळगुळीत आणि जास्त लाल. हे दुसरं म्हणजे सोनगेरू, आपल्याकडची सोनकाव. ओळख साधी आहे: बोटांत चोळली तर कण लागत नाही. शुद्धीसाठी गाईच्या दुधाची भावना देतात, म्हणजे दुधात भिजवून खलतात, किंवा गाईच्या तुपावर परततात. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की वरून सोनकाव लावायची रीत घरोघरी असते.

रंगाच्या दुकानातली काव पोटात घ्यायची नाही आणि अंगालाही लावायची नाही, त्यात काय मिसळलंय ते कुणी बघितलेलं नसतं. उलट औषधाची सोनकाव भिंतीला लावायचीही गरज नाही, ती महाग पडते. पावशेरच आहे म्हणजे कदाचित देवस्थानाच्या औषधाच्या खर्चातली ओळ शेजारी येऊन बसली असेल.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. पान पुन्हा बघितलं. सोनकावेच्या वरची ओळ 'सुंठ, हिरडा' अशी आहे, तेव्हा रसशाळा म्हणतात तेच दिसतंय. गूळ त्याच पानावर ५ शेर आहे, दर दिलेला नाही.

भिंतीचं आता नीट सांगतो. सुटलेला कोपरा जमिनीपासून दीड हातापर्यंत आहे. तिथे पूर्वी कुणीतरी सिमेंटने डागडुजी केली आहे आणि त्यावर प्लास्टिक रंग मारला आहे. त्याच्या वरच्या अंगाला जुनी नक्षी फुगलेली दिसते, टिचकी मारली की पोकळ वाजते. नवा लाल थर देऊन नक्षी पुन्हा काढता येईल का?

चिरेबंदी

येईल, पण आधी सिमेंट काढा. नक्षी सुटायचं कारणच ते आहे. जांभा जमिनीतून पाणी ओढतो आणि चुन्याचा गिलावा ते हळूहळू बाहेर सोडतो. खाली सिमेंट आणि वर प्लास्टिक रंग लावला की पाण्याची ती वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढून जिथे चुना मोकळा आहे तिथून बाहेर पडतं आणि मीठ तिथेच ठेवतं. म्हणून सिमेंट शाबूत आणि त्याच्या वरची जुनी नक्षी पोकळ. सिमेंट काढलंत, भिंतीलगतचा पागोळ्यांचा मारा थांबवलात आणि भिंतीच्या पायाशी पाणी साचू दिलं नाहीत, तर निम्मं काम झालं. हे न करता नुसती नक्षी काढलीत तर एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच.

सिमेंट छिन्नीने, हळू, मध्यापासून कडेकडे काढायचं. कडेपासून सुरुवात केली तर जुन्या नक्षीचा तुकडा बरोबर येतो. पोकळ वाजणारा भाग लगेच पाडू नका. आधी त्याचा कागदावर ठसा घ्या आणि उजेड आडवा पाडून फोटो काढा, म्हणजे कोरीव रेषा सावलीत दिसतात. उघडा पडलेला जांभा एक हंगाम तरी वाळू द्या. मीठ फुटलं तर ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या कुंचल्याने झाडून सुपात गोळा करा. ओल्याने पुसलं तर ते पुन्हा आत जातं.

चुना. कळीचा चुना गोड्या पाण्यात विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवा. मुरला की लोण्यासारखा होतो, थापीला चिकटून राहतो. शिंपल्यांचा मिळाला तर उत्तम, किनाऱ्यावर हे काम त्याच चुन्यात होत आलं. चुना विरवताना डोळ्यांना चष्मा लावा आणि पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी फुटून अंगावर उडतो. रेती नदीची, धुतलेली. समुद्राची रेती कितीही धुतली तरी नको.

गूळ पाण्यात विरघळवून गाळून घालतात. त्याने चुना थापीखाली मऊ चालतो. जास्त झाला तर थर आवळायला फार वेळ लागतो, बुरशी धरते आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या. दहा किलो मुरलेल्या चुन्याला शंभर ग्रॅमपासून सुरुवात करा.

थर तीन. खालचा एक भाग चुना आणि तीन भाग रेती, भिंत रात्रभर भिजवून घेऊन. हा आवळला की पृष्ठभाग खरवडून ठेवायचा. दुसरा पांढरा, एक भाग चुना आणि एक भाग बारीक चाळलेली रेती, चार-पाच मिलिमीटर. याच पांढऱ्यावर पुढे नक्षी उघडी पडणार, म्हणून रंध्याने साफ करा पण घोटून गुळगुळीत करू नका. गुळगुळीत केलात तर वरचा लाल थर धरणार नाही. तिसरा लाल, दोन-तीन मिलिमीटर. तो पांढरा पुरता कोरडा व्हायच्या आत चढला पाहिजे.

लाल थराचं प्रमाण आधीच सांगून चालत नाही, कारण प्रत्येक कावेत चिकणमाती किती ते वेगळं. कारखान्याचं ऑक्साइड वापरत असाल तर चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका, पाच टक्क्यांपासूनच सुरुवात करा. धुतलेली काव असेल तर तीन कौलांवर तीन नमुने करा: चुन्याच्या वजनाच्या दहा, वीस आणि तीस टक्के, प्रत्येकात कावेच्या चौथाई हुरमुंजी. वहीतलं चारास एक. दोन आठवड्यांनी अंगठा घासून बघा. बोट लाल झालं तर चिकणमाती जास्त झाली, चुना तिला धरू शकत नाही. जो नमुना बोटाला लागत नाही त्यातला सर्वांत गडद तो तुमचा. ओल्यावरून रंग ठरवू नका, ओला चुना-कावेचा रंग वाळल्यावर बराच उतरतो. जुन्या नक्षीशी तंतोतंत जुळवायच्या मागेही लागू नका. ती काळाने गडद झाली आहे. नवा तुकडा किंचित फिका असला तर पुढच्या माणसाला कळेल की हे नंतरचं आहे, आणि ते बरंच.

लाल आणि पांढऱ्या थरात रेतीची चाळ सारखी ठेवा. लालमध्ये जाड कण राहिला तर कोरताना टोचणीबरोबर फरफटतो आणि रेषेची कड फाटते.

कोरणं. कागदावरच्या नक्षीच्या रेषांवर सुईने जवळजवळ टोचे मारा. कागद भिंतीला धरून बारीक कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटा, ठिपके उमटतात. गोल फुलांना खिळा आणि सुतळी. लाल थरात नख टेकवलं तर वण उठावा पण बोट रुतू नये, अशा वेळी कोरायला घ्यायचं. आधी घेतलं तर रेष मिटते, उशीर केला तर कड दात्यादात्यांची तुटते. म्हणून एका बैठकीत दोन-तीन चौरस फुटांपेक्षा जास्त लाल थर चढवू नका, आणि जोड नक्षीच्या रेषेवरच येईल असा बेत करा. टोचणी तिरपी धरा, रेषेची बाजू उतरती राहू दे. सरळ उभी कापली तर पावसाचं पाणी कडेवर थांबतं. पांढरं लागलं की थांबा, पांढऱ्यात खोल जाऊ नका. भुसा फुंकर मारून किंवा मऊ कुंचल्याने काढा. हाताने पुसलात तर पांढऱ्यावर लाल फरकटतं, ते मग निघत नाही. शेवटी लाल भाग गुळगुळीत गोट्याने घोटा.

नंतर सात दिवस पाण्याचा बारीक फवारा, आणि समोर ओलं गोणपाट, भिंतीला न टेकवता. चुना वाळून नव्हे, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि त्याला ओल लागते. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर उरका. एप्रिलमध्ये दुपारचा वारा सुटला की लाल थराला केसासारख्या चिरा पडतात आणि त्या बुजत नाहीत.

माचीवरचा

एवढा खटाटोप करण्यापेक्षा काव फेव्हिकॉलमध्ये कालवून पांढऱ्यावर नक्षी रंगवली तर? तुळशीवृंदावनाला आम्ही तसंच करतो.

चिरेबंदी

वृंदावनाला चालतं, कारण ते दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी पुन्हा रंगवायचंच असतं. तिथेही गोंदापेक्षा तांदळाची खळ बरी: एक किलो काव रात्रभर अडीच लिटर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात अर्धा लिटर पातळ खळ. खळीने भिंतीचा श्वास बंद होत नाही. पावसात बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाला, मात्र हात धुवा आणि उरलेलं पाणी गुरांच्या तोंडी जाईल असं टाकू नका. देवळाच्या भिंतीवर फेव्हिकॉल म्हणजे पुन्हा प्लास्टिकचाच पापुद्रा. जे छिन्नीने काढायचं ठरलंय तेच परत लावल्यासारखं होईल.

काळीनदी

हुरमुंजी अजिबात मिळाली नाही तर एक सोय आहे. पिवडी म्हणजे पिवळी माती. धुऊन, वाळवून, लोखंडी कढईत मंद आचेवर ढवळत भाजा. साधारण अडीचशे-तीनशे अंशांना तिच्यातलं बांधलेलं पाणी सुटतं आणि ती तांबडी होते. एकसारखं ढवळलं नाही तर खालची लाल आणि वरची पिवळी राहते. जास्त वेळ, जास्त आचेवर ठेवली तर जांभळटाकडे जाते, आणि तुम्हाला गडद जोड हवा आहे तो तिथेच मिळेल. दर पाच मिनिटांनी चिमूटभर काढून पांढऱ्या बशीवर ओळीने मांडत जा, म्हणजे कुठे थांबायचं ते दिसतं. बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून करा, नाहीतर धूळ नाकात जाते.